पाकिटाची मागची बाजू

गेल्या वर्षी रमजानच्या आधी आमच्या मोहल्ल्याच्या कमिटीत भांडण झालं, आणि ते झालं डाळीवरून. रेशन किटसाठी साठ हजार रुपये जमले होते. दरवर्षीच्या यादीप्रमाणे माल घेतला तर एक किट दीड हजाराला पडत होती, म्हणजे ४० घरं. आमच्याकडे नावं आली होती ५३. मी म्हणालो, टीव्हीवर दिसणाऱ्या ब्रँडचा माल सोडा, यवतमाळातल्या मोठ्या दुकानाचा स्वतःच्या नावाचा माल घेऊ. आटा, तांदूळ, डाळ, बेसन, साखर, मसाला, कपड्यांची पावडर, सगळं त्यांच्या नावानं मिळतं. किट १२४० रुपयांत बसते, त्याच पैशात ४८ घरं होतात.

कमिटीतले एक चाचा माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बेटा, देने के माल में कंजूसी नहीं करते. तुम्हारे घर में कौनसी दाल पकती है?"

आमच्या घरी त्यांच्या मनातलीच डाळ शिजत होती. नावाची. मला उत्तर देता आलं नाही.

चाचांचा प्रश्न रास्त होता, हे मी आजही म्हणतो. गरिबाच्या पिशवीत स्वस्त माल आणि आपल्या डब्यात महाग माल, याला बचत म्हणत नाहीत. आपल्याला चालतं तेच द्यायचं, हे आपल्याकडे लहान मुलालाही माहीत असतं. त्यामुळे प्रश्न किटचा राहिलाच नाही. दुकानाच्या ब्रँडचा माल मी स्वतः खायला तयार आहे का, एवढंच उरलं.

त्या रात्री आपाने दोन छोटे कुकर लावले. एकात नावाची तूर डाळ, दुसऱ्यात दुकानाची. मीठ, हळद, पाणी सारखं, फोडणी सारखी. अम्मीला आणि अब्बांना कोणती कुठली ते सांगितलं नाही. अब्बा म्हणाले, एकात मीठ कमी आहे. (मीठ एकाच चमच्यानं मोजलं होतं.) अम्मी दोन्ही वाट्यांतून दोनदा खाऊन म्हणाली, दोन्ही सारख्याच, आणि दोन्ही मामाच्या डाळीपुढे काही नाहीत.

मामाच्या डाळीवर मी पुढे येतो. आधी बाकीचा निकाल सांगतो, कारण तो पूर्णपणे माझ्या बाजूनं लागला नाही. साखर, बेसन, आटा, कपड्यांची पावडर यांत घरात कुणाला फरक कळला नाही. मिठात तर कळण्यासारखं काही नसतंच. खायचं पाकीटबंद मीठ आयोडीनयुक्तच असावं लागतं, मग नाव कुठलंही असो. पण चहा अम्मीनं पहिल्या घोटाला बाजूला सारला. चहा म्हणजे वेगवेगळ्या मळ्यांच्या पत्तीची मिसळ. चांगल्या कंपनीकडे ती मिसळ वर्षानुवर्षं तशीच राखणारी माणसं असतात आणि आपण पैसे त्यांचे देतो. दिवसभराच्या रोज्यानंतर ज्या घरात पहिला कप बनणार, तिथे ते पैसे वाचवू नयेत. बिस्किटांतही आपाच्या मुलानं लगेच ओळखलं. लाल तिखट तर आम्ही दोन्हींपैकी कुठलंच घेतलं नाही, मिरची आणून चक्कीवर दळून घेतली.

हे सगळं करताना एक सवय लागली, ती मला डाळीपेक्षा मोलाची वाटते: पाकीट उलटं करायची. समोरच्या बाजूला कंपनीला जे सांगायचं ते असतं, मागच्या बाजूला कायद्यानं सांगायला लावलेलं. २०११ च्या पाकीटबंद वस्तूंच्या नियमांनुसार माल कुणी बनवला किंवा कुणी भरला त्याचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, महिना-वर्ष, एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क छापावाच लागतो. खाण्याच्या वस्तूवर त्याशिवाय एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांक. 'मार्केटेड बाय' आणि 'मॅन्युफॅक्चर्ड बाय' किंवा 'पॅक्ड बाय' या दोन ओळी वेगळ्या असतील, तर समजा की ज्याचं नाव मोठ्या अक्षरांत आहे त्यानं तो माल बनवलेला नाही. दुकानाच्या ब्रँडचं बहुतेक असंच असतं. गंमत अशी की नावाजलेल्या ब्रँडचंही पुष्कळदा असंच असतं. माझ्या हातात बेसनाची दोन पाकिटं होती, समोरची नावं वेगळी, किमतीत १८ रुपयांचा फरक, आणि मागे भरणारा एकच.

म्हणून माल एकच, असं मात्र लगेच म्हणू नका. गिरणी एक असली तरी गिऱ्हाईक आपला दर्जा ठरवून घेतो. एकाला अखंड दाण्याची डाळ लागते, दुसऱ्याला थोडी फुटकी चालते. ते पारदर्शक पाकिटातून डोळ्यांनी दिसतं, आणि वरणात फुटकी डाळ उलट लवकर शिजते. तेलात मात्र डोळ्यांना काही दिसत नाही. तिथे मागची ओळ वाचाच. 'रिफाइंड सोयाबीन' वेगळं आणि दोन तेलांची मिसळ वेगळी, आणि मिसळ असेल तर तसं लिहावं लागतं. साबणातही तेच. 'टॉयलेट सोप' पहिल्या श्रेणीचा असेल तर त्यात टीएफएम म्हणजे साबणाचा मूळ स्निग्धांश किमान ७६ टक्के असतो, 'बेदिंग बार' लिहिलं असेल तर त्याहून बराच कमी चालतो. दुकानाचा स्वस्त साबण या एका शब्दामुळे स्वस्त असू शकतो. तो मग आठ दिवसांत विरघळतो आणि बचत मोरीतून वाहून जाते.

आपल्यापैकी अनेक जण दुकानाच्या ब्रँडची बिस्किटं, नूडल्स, जेली उचलताना थबकतात: यात जिलेटिन नसेल ना, चरबी नसेल ना? अनोळखी नाव म्हणजे धोका, आणि मोठं नाव म्हणजे बेफिकीर. असं काही नाही. हिरवा ठिपका असेल तर दूध, मध यांसारखे अपवाद सोडून प्राण्यापासून आलेला कुठलाही घटक त्यात चालत नाही, नाव मोठं असो वा छोटं. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या ई-नंबरांच्या याद्यांपेक्षा तो ठिपका कामाचा आहे.

आता किंमत. २०२१ मध्ये त्याच नियमांत दुरुस्ती झाली आणि पाकिटावर एककाचा भाव छापणं आलं. एक किलोपेक्षा कमी वजन असेल तर दर ग्रॅमला, जास्त असेल तर दर किलोला. सोय चांगली, पण गोंधळ राहतोच. अर्ध्या किलोच्या पाकिटावर ०.१८ रुपये लिहिलेलं असतं आणि दोन किलोच्यावर १५५. पहिला आकडा हजारानं गुणा: १८० रुपये किलो. शिवाय हा भाव एमआरपीवरून काढलेला असतो आणि मोठी दुकानं एमआरपीच्या खाली विकतात. दुकानाच्या ब्रँडची एमआरपी कमी-जास्त ठेवणं तर दुकानाच्याच हातात असतं, त्यामुळे 'एमआरपीवर ४० टक्के सूट' या पिवळ्या पाटीला माझ्या लेखी काही अर्थ नाही. बिलात लागणारी किंमत भागिले वजन, एवढंच करा. मोबाइल सगळ्यांच्या हातात आहेच.

नावाचे पैसे आपण भरतो म्हणजे कशाचे भरतो, ते समजायचं तर मामाच्या शेतात जावं लागेल. मामा आर्णी तालुक्यात कापसात तूर घेतो, जिल्ह्यातल्या हजारो शेतकऱ्यांसारखीच. २०२५-२६ च्या हंगामासाठी तुरीचा हमीभाव क्विंटलला ८००० रुपये आहे, म्हणजे किलोला ८०. शंभर किलो तुरीची साधारण सत्तर-पंचाहत्तर किलो डाळ होते, बाकी चुनी-टरफल ढोरांच्या खाद्यात जातं. म्हणजे हमीभाव पूर्ण मिळाला असं धरलं तरी डाळीच्या एका किलोत तूर गेली ११० रुपयांच्या आसपास. मग मिल, हमाली, गाडी, पाकीट, दुकानाचं भाडं. इथवरचा खर्च दोन्ही पाकिटांना आहे. त्याच्या वर नावाच्या पाकिटात जाहिरात असते. किराणा दुकानाच्या भिंतीवरचा रंग आणि मॅचमधल्या दहा सेकंदांचा खर्च त्या डाळीतून निघतो. दुकानाच्या ब्रँडला हा खर्च जवळपास नाही, कारण गिऱ्हाईक आधीच दुकानात उभं आहे. फ्रान्समध्ये कारफूर या दुकानानं १९७६ मध्ये हेच उघडपणे केलं होतं. ५० वस्तू पांढऱ्या पाकिटांत ठेवल्या आणि त्यावर कुठलंही ब्रँडचं नाव घातलं नाही.

मामा जानेवारीत तूर विकतो आणि जूनमध्ये शहरातून पाकिटाची डाळ आणतो. मामी पूर्वी घरची तूर जात्यावर भरडायची. आता वर्षाला दहा-पंधरा किलो, तीही आम्हा बहिणी-भाच्यांसाठी. अम्मीच्या जिभेवर जी डाळ बसली आहे ती ही. तिला नाव नाही.

आपल्याकडे सरकारनंही काही वर्षं कर नावावरच लावला होता. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा नोंदणीकृत ब्रँडच्या पाकीटबंद डाळ-तांदळावर ५ टक्के आणि बिननावाच्या मालावर काही नाही. १८ जुलै २०२२ पासून नाव असो-नसो, लेबल लावून बंद केलेल्या २५ किलोपर्यंतच्या पाकिटाला ५ टक्के लागतात. पोत्यातून सुटी तोलून घेतलेल्या डाळीला आजही लागत नाहीत. म्हणजे मॉलच्या ब्रँडपेक्षाही स्वस्त डाळ मोहल्ल्याच्या नुक्कडवरच असू शकते, आणि ती असतेही.

इथे माझी स्वतःची चूक कबूल करतो. गेल्या वर्षी आम्ही ४८ किट वाटल्या (चहा नावाचाच ठेवला, ४० रुपये दुसरीकडून काढले), चाचाही शेवटी राजी झाले, आणि मी फुशारकीनं घरोघरी सांगत सुटलो की वर्षभर असाच माल घ्या, महिन्याला चार-पाचशे वाचतील. एका घरी बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "भाई, वहाँ उधार देते क्या?"

नवरा हमालीला जातो, रोजची मजुरी रोज येते. त्या २० रुपयांचं तेल आणि पावभर डाळ घेतात, तीही खात्यावर, शनिवारी चुकती करतात. मोठ्या दुकानात जायला ऑटोचे जायचे-यायचे साठ रुपये, वर एकदम हजार रुपये हातात हवेत. दुकानाच्या ब्रँडची बचत ज्याच्याकडे एक तारखेला पैसे असतात त्याची असते. तुमची-माझी. ज्याला तिची खरी गरज आहे तो सगळ्यात लहान पुडी घेतो आणि दर किलोला सगळ्यात जास्त पैसे देतो. पाकीट उलटं करून वाचण्याचं माझं सगळं शहाणपण त्या दारात अपुरं पडलं.

यावर उपाय नवा शोधायची गरज नाही. इंग्लंडच्या रॉचडेलमध्ये १८४४ साली विणकरांनी थोडेथोडे पैसे जमवून स्वतःचं दुकान काढलं: आटा, साखर, लोणी, ओटचं पीठ, मेणबत्त्या. माप चोख आणि भेसळ नाही, एवढीच त्याची कीर्ती. आपल्या महाराष्ट्रात मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून चालते. शेजारपाजारची कुटुंबं मिळून संघ करतात, महिन्याची यादी एकत्र देतात, घाऊक आलेला माल आपसात वाटून घेतात. नाव लागतं ते त्यांचं स्वतःचं.

आणि आपल्या बायका भिशी चालवतातच. आमच्या गल्लीत तीन भिश्या आहेत, एकीतही आजवर पैसा बुडालेला नाही. यंदा त्यांतल्या एकीनं ठरवलं आहे की दर महिन्याला एका नंबरऐवजी दोन पोती उचलायची, एक डाळीचं, एक तांदळाचं, आणि बारा घरांत तोलून घ्यायची. काटा आमच्या नुक्कडच्या किराणावाल्याचा. सुरुवातीला तो नाराज झाला. मग त्याला विचारलं, पोतं तूच आणून दे, किलोमागे तुझं काय ते ठेव, पैसे रोख. त्यानं आकडा सांगितला, तो मॉलच्या पाकिटापेक्षा अकरा रुपयांनी कमी आहे. खात्याची वही तो बंद करणार नाही, एवढं त्याच्याकडून वदवून घेतलं आहे. ती हमालाची बायको बारांपैकी एक आहे, शनिवारी पैसे देणार.

यंदाच्या किटची यादी चाचांनी स्वतःच्या हातानं लिहिली आहे. चहापुढे कंपनीचं नाव आहे. आटा, साखर, बेसन यांच्यापुढे मोठ्या दुकानाचं. तूर डाळीपुढची जागा अजून कोरी आहे. मामाकडे चार क्विंटल तूर विकायची राहिली आहे आणि भरडून द्यायला मिलवाला किलोमागे काय घेतो, ते विचारायला आम्ही रविवारी जाणार आहोत.