सोनं घ्यायचं की नाही?

विजयादशमी जवळ आली की वस्तीतल्या आयाबाया आम्हांला एकच प्रश्न विचारतात. शेजारच्या काकू आपट्याचं पान घेऊन दारात येतात, "सोनं घ्या" म्हणतात. तेव्हा हात पुढे करायचा की नाही? आणि तोंडानं काय म्हणायचं?

नागपुरात हा प्रश्न जास्त टोचतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी दीक्षा दिली, तो दिवस विजयादशमीचाच. शेजारच्या दाराला तोरण, आपल्या दारावर पंचशील ध्वज, आणि घरात दीक्षाभूमीला आलेले पाहुणे.

आमची चूक आधी सांगून टाकतो. चळवळीत नवेनवे होतो तेव्हा ऑफिसातल्या एका वयस्क सहकाऱ्याचं पान आम्ही परत केलं, वर बावीस प्रतिज्ञाही ऐकवल्या. त्यांनी पान मुकाट्यानं खिशात ठेवलं. निवृत्त होईपर्यंत दसऱ्याला ते आमच्या टेबलाशी थांबले नाहीत. देव मानू नका, पूजा करू नका असं प्रतिज्ञा सांगतात. शेजाऱ्याचा हात झिडकारा असं त्यांतली एकही सांगत नाही. पण आमच्या आईनं पान घेतलं नाही तर आम्ही तिला काही बोलत नाही. तिच्या लहानपणी गावात सोनं वरून टाकत.

अभिवादन ही आपल्याकडे किरकोळ गोष्ट नव्हे. आपल्या वाडवडिलांना वाकून 'जोहार मायबाप' म्हणावं लागे. ती मान ताठ झाली 'जय भीम'नं, आणि ते रूढ केलं आपल्याच कामठीच्या बाबू हरदास एल. एन. (१९०४-१९३९) यांनी. मुसलमान बांधवांच्या 'सलाम आलेकुम, वालेकुम सलाम' या जोडीवरून त्यांना ते सुचलं, आणि उत्तरात 'बल भीम' म्हणावं असं ठरलं होतं, असं सांगतात. 'बल भीम' मागे पडलं. आता 'जय भीम'ला 'जय भीम'च.

आमच्या ऑफिसातल्या फळ्यावर दरवर्षी नुसत्या 'दसऱ्याच्या हार्दिक शुभेच्छा' असत. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या मंगल कामनाही लिहा, असं आम्ही म्हटलं. युनियनचे सेक्रेटरी म्हणाले, "त्यापेक्षा 'सणाच्या शुभेच्छा' लिहू, वादच नको." आम्हांला ते पटलं नाही. कुणाचंच नाव नसलेली शुभेच्छा कुणाला पोचायची? ईदला ईद मुबारक म्हणावं, नाताळाला नाताळ म्हणावं. मग आपलाच दिवस बिननावाचा का? तासभर घोळ झाला. शेवटी दोन्ही ओळी लिहिल्या, खडूही आम्हीच धरला. पहिल्या वर्षी कुणीतरी आपली ओळ पुसली. आम्ही पुन्हा लिहिली. नंतर कुणी पुसली नाही.

घरी आम्ही पान घेतो, कपाळाला लावत नाही. "दसऱ्याच्या शुभेच्छा, आज आमचाही धम्मचक्र प्रवर्तन दिन" म्हणतो आणि खिरीची वाटी देतो. गेल्या वर्षी काकू दारात आल्या, "सोनं घ्या" म्हणाल्या आणि जरा अडखळत "जय भीम"ही म्हणाल्या. आई आतून आली. पान घेतलं नाही तिनं, पण काकूंना हाताला धरून आत नेलं आणि पाहुण्यांच्या पंगतीत बसवलं.