बट्टा कुणाच्या माथी?

देहूरोड स्टेशनाबाहेर परवा एक भाजीवाली वाण्याशी हुज्जत घालत होती. साखरेचे पैसे म्हणून तिने दहाची पाच नाणी पुढे केली; त्याने ती परत सरकवली. "मावशी, ही इकडं चालत नाहीत. नोट द्या." दहाच्या नाण्याचे चौदाही नमुने वैध असल्याचे रिझर्व्ह बँकेने २०१८ सालीच जाहीर केले आहे, असे मी सांगू लागलो, तर वाणी हसला. "काका, गिऱ्हाईकच घेत नाही, मी काय करू?"

खरे नाणेही चालू नये, हा प्रकार आपल्या मुलखाला नवा नाही. पेशवाईत इथून जवळच, चिंचवडला टांकसाळ होती. अशा कितीतरी टांकसाळी मक्त्याने चालत आणि त्यांच्या रुपयांतली चांदी सारखी नसे. अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही अशी नावे. अक्षरे मात्र बहुधा दिल्लीच्या बादशहाची! एका पेठेतला रुपया दुसऱ्या पेठेत पूर्ण भावाने जाईलच असे नाही. सराफ तो वाजवून, कसून पाही आणि बट्टा कापून घेई. सरकारी खजिन्यात हे काम पोतदाराचे. 'खणखणीत नाणे', 'नावाला बट्टा' ही आपली भाषा याच व्यवहारातली. मध्ययुगीन युरोपातही लोक नाण्यांच्या कडा कातरून चांदी काढत. इंग्लंडच्या पहिल्या हेन्रीने तर ११२४च्या नाताळात टांकसाळवाल्यांना बोलावून, हिणकस नाणी पाडल्याबद्दल त्यांचे उजवे हात तोडवले. (आमच्या खात्यात फक्त मेमो मिळे, नशीब!)

पण बट्टा भरला कुणी? सराफाला दहा तऱ्हांचे रुपये ठाऊक. तो कशाला बुडतो? सारा भरणाऱ्या कुणब्याला मात्र सांगतील तो भाव. १८३५च्या कायद्याने कंपनीने १८० ग्रेनचा एकच रुपया आणला. आणला स्वतःच्या सोयीसाठी, पण हळूहळू रुपया सगळीकडे रुपयाच राहू लागला.

आज तीच भाजीवाली पुन्हा कुणब्याच्या जागी उभी आहे. मोबाइलवरून पैसे देणाऱ्या तुम्हाआम्हाला याची झळ लागत नाही. जिची कमाईच चिल्लरीत होते, तिला लागते. आणि दोष एकट्या वाण्याचा नाही. चिल्लरीची पिशवी दिसली की आम्ही बँकवालेही घड्याळाकडे पाहत असू. "बाई, उद्या या," असे मीही म्हटलेले आहे. बँकेच्या खिडकीवर नाणी कुरकुर न करता मोजून घेतली, तर वाणीही घेईल.

मी तिची पाच नाणी घेऊन पन्नासाची नोट दिली. त्यातली तीन खपली. दोन अजून टेबलावर आहेत.