कलादृष्टी : धूसर पार्श्वभूमीचे मोल

लग्नसराई सरली की घरोघरी अल्बम येऊ लागतात. अलीकडच्या अल्बमांत एक गोष्ट सहज नजरेत भरते. वधूच्या नथीतला मोती, पापणीचा केस न् केस लख्ख दिसतो. मात्र तिच्या मागचा मांडव, आप्तेष्ट, तोरणे, दिवे हे सारे रंगांच्या मऊ धुक्यात विरघळून गेलेले असते. घरातील वडीलधाऱ्यांना असे चित्र बिघडलेले वाटते. तरुण मंडळी नेमकी याच धुक्यावर खूश असतात. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे, म्हणूनच या धूसरतेचा जरा खोलात जाऊन विचार करावासा वाटतो.

कॅमेऱ्याचे भिंग एका वेळी एकाच अंतरावरील वस्तू पूर्ण रेखीव उतरवू शकते. त्या अंतराच्या अलीकडचा किंवा पलीकडचा प्रकाशबिंदू चित्रात बिंदू राहत नाही, त्याची चकती होते. अशा असंख्य चकत्या एकमेकींवर चढल्या की पार्श्वभूमी धूसर दिसते. भिंगातले छिद्र, म्हणजेच ॲपर्चर, जितके मोठे तितकी चकती मोठी. मुखचित्रासाठी वापरले जाणारे ८५ मिलिमीटरचे भिंग एफ १.४ वर उघडले तर छिद्राचा व्यास सुमारे ६० मिलिमीटर होतो, आणि दीड मीटरवर बसलेल्या व्यक्तीची जेमतेम अडीच सेंटिमीटर खोली रेखीव येते. डोळा स्पष्ट आला की कान गेला! चकतीचा आकारही छिद्रावरच ठरतो. पूर्ण उघड्या छिद्रात दूरचे दिवे गोल दिसतात. पाच पात्यांचे छिद्र थोडे मिटवले की तेच दिवे पंचकोनी होतात. काही भिंगांत चकतीची कड उजळ आणि मधला भाग फिका असतो. अशा वेळी मागच्या फांद्या दुहेरी रेघांच्या दिसतात आणि पार्श्वभूमी डोळ्यांना टोचते. कड हळुवार विरत गेली तर तीच पार्श्वभूमी लोण्यासारखी वाटते.

धूसरतेच्या या गुणाला जपानी छायाचित्रकार ‘बोके’ म्हणतात. मराठी कानाला मांजरे आठवतील, पण जपानीत त्याचा अर्थ अंधुकपणा. म्हातारपणी स्मरणशक्ती पुसट होते, त्यालाही तोच शब्द. १९९७ साली ‘फोटो टेक्निक्स’ या अमेरिकन नियतकालिकाने तो इंग्रजी वाचकांपुढे आणला. संपादक माइक जॉन्स्टन यांनी उच्चार चुकू नये म्हणून इंग्रजी अक्षरांत त्याच्या शेवटी ‘एच’ जोडला. तोवर पाश्चात्त्य छायाचित्रकार धूसरता किती एवढेच मोजत असत. ती कशी आहे हे सांगायला त्यांच्यापाशी सुटसुटीत शब्दच नव्हता.

धूसरता मात्र शब्दाहून फार जुनी, आणि ती जन्मली गरजेतून. आरंभीच्या काळात छायाचित्राच्या पाट्या इतक्या मंद होत्या की माणसाला मिनिटे-मिनिटे निश्चल बसावे लागे. १८४० साली व्हिएन्नाच्या जोसेफ पेट्झवाल यांनी मोठ्या छिद्राचे भिंग रचले आणि हा वेळ पुष्कळच घटला. प्रकाश अधिक आला, त्याबरोबर धूसरताही आली. चित्राचा मध्य रेखीव, कडेकडेला सारे भोवऱ्यासारखे फिरलेले. ज्याला त्या काळी उणीव म्हणत, त्याच परिणामासाठी आज ही भिंगे नव्याने घडवली जातात!

या उणिवेला हेतू दिला तो ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांनी. त्यांचा जन्म १८१५ चा, कलकत्त्याचा. १८६३ साली, वयाच्या ४८ व्या वर्षी, मुलीने भेट दिलेला कॅमेरा त्यांनी हाती घेतला. भिंग फिरवताना जिथे रूप सुंदर दिसे तिथेच त्या थांबत. आणखी रेखीव करण्याचा आग्रह त्यांनी धरला नाही. छायाचित्रणातील तत्कालीन जाणकारांनी त्यांना नवशिक्या ठरवले. परंतु १८६७ साली त्यांनी टिपलेले खगोलशास्त्रज्ञ सर जॉन हर्शेल यांचे मुखचित्र पाहावे. विस्कटलेले पांढरे केस, थकलेले पण जागे डोळे, आणि भोवती नुसता अंधार. हर्शेल यांच्या कोटाचे बटण त्यात मोजता येत नाही, आणि मोजावेसे वाटतही नाही.

पुढे १८८९ साली पीटर हेन्री एमर्सन यांनी आपल्या ग्रंथात या पद्धतीला शास्त्राचा आधार देण्याचा प्रयत्न केला. आपला डोळा तरी सारे कुठे एकसारखे पाहतो? हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे पाहिले, तर जवळपास नखाएवढाच भाग खरोखर रेखीव दिसतो. म्हणून छायाचित्रातही मुख्य विषय स्पष्ट असावा आणि उरलेले किंचित मऊ, असे एमर्सन यांचे प्रतिपादन होते. पण त्यांनी एक मर्यादाही घातली, आणि आज बहुतेकांना तिचाच विसर पडला आहे. धूसरता इतकी नसावी की मागच्या वस्तूची ठेवणच नष्ट व्हावी. तसे झाले तर धूसरताच डोळ्यांत भरते आणि चित्राचा तोल जातो. (दोनेक वर्षांतच छायाचित्रण ही कला आहे हा दावाच त्यांनी मागे घेतला, ती हकीकत वेगळी.) उलट टोकाला गेले ते अमेरिकेतील ॲन्सेल ॲडम्स, एडवर्ड वेस्टन आणि त्यांचे सहकारी. १९३२ साली त्यांनी स्थापलेल्या मंडळाचे नावच अत्यंत लहान छिद्रावरून ‘एफ ६४’ असे ठेवले होते. पायाजवळच्या खड्यापासून क्षितिजावरच्या शिखरापर्यंत सारे काही काटेकोर! पर्वतांसाठी ते योग्यच होते.

एमर्सन यांची मर्यादा वाचताना आपल्या नयवादाची आठवण होते. शास्त्राची उपमा लग्नाच्या अल्बमला लावलेली काही ज्येष्ठांना रुचणार नाही; तिला उपमेपुरतेच घ्यावे. वस्तूचे धर्म अनंत, आणि बोलणारा एका वेळी एकच धर्म पुढे करू शकतो. जो पुढे केला तो अर्पित, जो मागे ठेवला तो अनर्पित, ही तत्त्वार्थसूत्रातील परिभाषा दोन्ही परंपरांना मान्य आहे. नय एका धर्माला मुख्य करतो आणि इतरांना गौण ठेवतो. दुर्नय मात्र इतरांना नाकारतो. आचार्य हेमचंद्रांनी बाराव्या शतकात हा भेद अतिशय नेमकेपणाने मांडला आहे. चांगली धूसर पार्श्वभूमी नयासारखी असते. मागे देहरासराचे शिखर आहे, पायऱ्यांवर माणसे आहेत, हे कळते. पण नजर आधी पुढच्या चेहऱ्यावर जाते. मागे मंदिर होते की मंगल कार्यालय की वाहनतळ हेच ज्यात कळत नाही, ते चित्र पहिल्या दर्शनाला कितीही देखणे वाटले तरी लवकर संपते. त्यात दुसऱ्यांदा पाहण्यासारखे काही उरत नाही.

धूसरतेवाचून मुख्य-गौण दाखवता येत नाही असे मात्र नाही. पश्चिम भारतातील कल्पसूत्राच्या सचित्र पोथ्या आठवाव्यात. लाल वा निळ्या सपाट भूमीवर त्रिशलामाता निद्रिस्त आहेत, आणि त्यांची चौदा स्वप्ने एकेक करून रेखीव काढलेली. दूर-जवळ असा भेदच नाही; हत्ती, सिंह, कलश, पद्मसरोवर सारे सारख्याच ठळक रेषेत. तरीही नजर चुकत नाही, कारण चित्रकाराने मोठेपणा आकाराने, जागेने आणि रंगाने वाटून दिला आहे. चित्रकाराला ही मुभा असते. कॅमेऱ्यापुढे जे उभे राहील ते सारे आत येते, म्हणून छायाचित्रकाराला निवडण्यासाठी धूसरता लागते.

आपल्या व्यापारी घरांना हा प्रश्न अधिक जवळचा आहे. अनेक पेढ्यांत जुनी छायाचित्रे टांगलेली असतात. गादीवर आजोबा, बाजूला मुनीमजी, मागे फळ्यांवर माल. कॅमेरा तिवईवर ठेवून, छिद्र मिटवून घेतलेले ते चित्र कलेच्या दृष्टीने रुक्षच म्हणावे लागेल. सगळे ताठ बसलेले, एकही चेहरा खुललेला नाही. पण तराजू कुठला होता, वह्या कशा बांधल्या जात, भिंतीवर कोणाचे दिनदर्शक होते, हे सारे त्यात वाचता येते. नव्या पिढीला पेढीचा इतिहास लिहायचा झाला तर अशाच चित्रावर भिंग धरावे लागते. आजचे ‘ओनर पोर्ट्रेट’ मात्र असे की शेठजींच्या कुडत्याचा धागा दिसतो आणि मागे तांबूस-पिवळे ढग. ते दुकान किराण्याचे की सोन्याचांदीचे, हे पन्नास वर्षांनी कोण सांगणार?

मोबाइलने तर ही खोड घराघरांत पोहोचवली. मोबाइलच्या भिंगाचे छिद्र अवघे काही मिलिमीटरचे. त्यातून खरी धूसरता फारशी उमटत नाही. २०१६ साली आयफोन ७ प्लसमध्ये ‘पोर्ट्रेट मोड’ आला. दोन भिंगांच्या साहाय्याने अंतराचा अंदाज बांधायचा आणि मागचा भाग गणिताने पुसट करायचा, अशी ती युक्ती. अंदाज चुकला की डोक्यावरचा पदर अर्धा स्पष्ट, अर्धा गायब. गजऱ्याची कड कात्रीने कापल्यासारखी. खऱ्या भिंगात धूसरता अंतरागणिक वाढत जाते. स्वस्त युक्तीत दोन हात मागची खुर्ची आणि वीस हात मागची भिंत सारखीच पुसट दिसते. चित्र खोटे का वाटते ते कळत नाही, पण वाटते खरे.

धूसरता शोभून दिसते ती दिवाळीला. महावीर निर्वाणाच्या त्या दिवशी दुकानात वहीपूजन चाललेले असते. वहीच्या कोऱ्या पानावर पहिली अक्षरे लिहिणारा हात रेखीव ठेवावा आणि कॅमेरा पानाजवळ आणावा. मागे चार-पाच हातांवर पणत्यांची रांग असेल तर तिच्या सोनेरी चकत्या होतात, आणि तरीही त्या पणत्याच आहेत हे ओळखू येते. छिद्र पूर्ण उघडण्याची गरज नाही; एफ २.८ पुष्कळ झाले.

आणि लग्न ठरवताना छायाचित्रकाराला आणखी एक सांगून ठेवावे. वधूवरांची मऊ चित्रे हवी तितकी घ्या, पण मांडवात सगळे जमले की एक चित्र एफ ८ किंवा एफ ११ वर, तिवई लावून, शेवटच्या रांगेतल्या काकींचा चेहरा ओळखू येईल असे घ्या. अल्बमवाले ते पान बहुधा वगळू पाहतात. ते वगळू देऊ नये.