नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

मराठी घरात नव्या बाळाचे नाव कानी आले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : 'अर्थ काय?' अमेरिकेतील अलीकडच्या नावांविषयी बोलताना आपल्याकडील सुशिक्षित मंडळी हाच प्रश्न जरा तिरकस स्वरात विचारतात, आणि कोशात उत्तर सापडले नाही की 'निरर्थक नावे' असा शेरा मारून मोकळी होतात. हा शेरा आम्हांस मान्य नाही. धातू आणि प्रत्यय यांत अर्थ शोधण्याची आपली सवय तेथे फारशी उपयोगी पडत नाही, एवढाच त्याचा निष्कर्ष निघू शकतो.

'नेव्हेया' हे नाव घ्या. 1999 साली साऱ्या अमेरिकेत ते अवघ्या 8 मुलींना ठेवले गेले. 2000 साली पी.ओ.डी. या रॉक वाद्यवृंदाचा गायक सनी सँडोव्हल याने एमटीव्हीच्या एका कार्यक्रमात आपल्या लेकीची ओळख करून दिली आणि नावामागची युक्तीही सांगितली : स्वर्गवाचक 'हेवन' हा इंग्रजी शब्द शेवटच्या अक्षरापासून उलटा लिहायचा. 2005 मध्ये हे नाव मुलींच्या नावांत 70व्या, तर 2010 मध्ये 25व्या क्रमांकावर होते. (देवनागरीत 'हेवन' उलटे वाचल्यास 'नवहे' होते, स्वर्गाऐवजी नकारच पदरी पडतो. तेव्हा ही युक्ती आपल्या लिपीत चालायची नाही.) व्युत्पत्तिकारांना येथे काहीच काम नाही. परंतु आपली श्रद्धा मुलीच्या नावात असावी, मात्र ती पाटीसारखी मिरवू नये, अशी इच्छा असलेल्या आईबापांना या उलट्या शब्दाने जे दिले ते कोणत्या संतनामाने दिले असते?

'मॅडिसन'ची कथा याहून गमतीची. 1984 च्या 'स्प्लॅश' या चित्रपटात न्यूयॉर्कमध्ये आलेली जलपरी रस्त्यावरची पाटी वाचून स्वतःचे नाव मॅडिसन ठेवते, आणि नायक म्हणतो की हे काही नाव नव्हे. विनोद होता तो! मुलीचे नाव म्हणून तोवर ते जवळजवळ अपरिचित होते. 2001 साली ते मुलींच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले. मूळ पाहू गेल्यास ते एक आडनाव, त्याचा शेवट 'पुत्र' या अर्थाचा. ज्या लाखो मुलींनी ते धारण केले त्यांना या पुत्रत्वाची गंधवार्ताही नसेल, आणि नसल्याने त्यांचे काही बिघडलेही नाही.

ही हौस नवी आहे असे मानणाऱ्यांनी जुन्या न्यू इंग्लंडकडे पाहावे. हार्वर्डचे प्रमुखपद भूषविलेले सतराव्या शतकातील धर्मोपदेशक इन्क्रीज मॅथर यांच्या नावाचा सरळ अर्थ 'वृद्धी' असा होतो. न्यूयॉर्कच्या एका मातब्बर जहाजव्यापाऱ्याचे (1766–1846) नाव प्रिझर्व्ड फिश असे होते. आईबापांच्या मनात 'ईश्वराने राखलेला' हा भाव होता; आडनावामुळे आपल्याला खारवलेली मासळी आठवते. तरीही या नावांना कोणी निरर्थक म्हणत नाही. ती प्युरिटनांची, म्हणून ती परंपरा. वर्णाने काळ्या आईने नाव घडवले की मात्र ती विक्षिप्तता ठरते.

खरा प्रश्न येथे आहे. गुलामगिरीच्या काळात मळ्यावरील माणसाचे नाव अनेकदा मालक ठरवीत असे. सीझर, पॉम्पी, केटो अशी रोमन वैभवाची नावे गुलामांना देण्यात एक क्रूर थट्टाही असे. आडनाव पुष्कळदा मालकाचेच. 1960 च्या दशकात कृष्णवर्णीयांच्या चळवळीला धार आली आणि 1964 मध्ये कॅशिअस क्ले हा मुष्टियोद्धा मुहंमद अली झाला. 1977 मध्ये 'रूट्स' ही मालिका प्रक्षेपित झाली, आणि तिच्यातील 'किझी' हे नाव त्या वर्षी एकाएकी मुलींना ठेवले जाऊ लागले. त्याच दशकांत 'ला', 'डे', 'शा' अशी अक्षरे जोडून लकीशा, डेशॉन यांसारखी नावे घडू लागली. त्यांत फ्रेंच, अरबी अशा अनेक भाषांचे ध्वनी मिसळलेले आहेत. कोशात त्यांना मूळ नाही. पण कोणत्याही मालकाने कधी दिले नसते असे नाव देणे, हाच त्यांचा अर्थ आहे, असे आम्ही समजतो.

रोलंड फ्रायर आणि स्टीव्हन लेव्हिट या अर्थशास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियातील जन्मनोंदी तपासल्या. सुमारे 30 टक्के कृष्णवर्णीय मुलींचे नाव त्या वर्षी त्या राज्यात जन्मलेल्या दुसऱ्या कोणत्याही बाळाला नव्हते. या कल्पकतेची किंमतही आहे. मेरिअन बर्ट्रांड व सेंधिल मुल्लैनाथन यांनी बॉस्टन आणि शिकागोतील नोकरीच्या जाहिरातींना सुमारे 5,000 बनावट अर्ज पाठवले. पात्रता सारखी, नावे तेवढी वेगळी. 2004 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की एमिली, ग्रेग अशा नावांच्या अर्जांना लकीशा, जमाल यांच्यापेक्षा 50 टक्के अधिक बोलावणी आली. फ्रायर व लेव्हिट यांच्या मते पुढील आयुष्यातील अपयशाचे कारण नाव स्वतः नसते, ज्या परिस्थितीत ते ठेवले जाते ती असते. दोन्ही खरे असू शकते. दारातून परत पाठवलेल्या मुलीला त्यातला फरक समजावून सांगणे मात्र कठीण.

या नावांवर एक ठरावीक विनोदही फिरत असतो : मुलीचे नाव 'ला' आणि 'आ' यांच्यामध्ये आडवी रेघ देऊन लिहिलेले, आणि त्या रेघेचाही उच्चार करून आई म्हणते, 'लाडॅशा'. ही मुलगी सांगणाऱ्याच्या कुणा परिचिताच्या शाळेत असते. सांगणाऱ्याने तिला स्वतः कधीच पाहिलेले नसते.

आणि थट्टेवरच भागते असेही नाही. 2013 च्या ऑगस्टमध्ये टेनेसी राज्यातील एका न्यायाधिकारी बाईंसमोर एक जोडपे बाळाच्या आडनावाचा तंटा घेऊन आले. बाईंनी आडनावाबरोबर नावही बदलण्याचा हुकूम दिला. कारण बाळाचे नाव 'मसायाह', म्हणजे तारणहार. आणि ती पदवी एकट्या येशूची. बाळाने मार्टिन व्हावे! वरच्या न्यायालयाने सप्टेंबरमध्ये हा हुकूम रद्द केला. येथे अर्थाबद्दल कोणालाच शंका नव्हती. तो घेण्याचा अधिकार कोणाचा, एवढाच वाद होता. अर्थपूर्ण नाव म्हणजे चांगले नाव, असे समजणाऱ्यांनी आपल्या साताऱ्याकडील 'नकुशी' हे नावही आठवावे. त्याचा अर्थ कोणालाही विचारावा लागत नाही.

अमेरिकेतील मराठी घरांत नील, माया, अनिका अशी नावे पसंत पडतात. दोन्हीकडच्या जिभांना ती सोपी, शिवाय आजीला अर्थही सांगता येतो. उच्चाराच्या सोयीमागे अर्ज चाळणाऱ्या अनोळखी हातांचा विचार असतोच, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. लकीशाच्या आईने ही सावधगिरी पत्करली नाही. तिने मुलीचे नाव ठेवले, म्हणून तिला नावे ठेवणाऱ्यांत आम्ही नाही.