१०१ आग विझवते, १०८ उपचार करते; मग गाडीत अडकलेल्या जखमीचं काय?

१ जुलै २०२३. मध्यरात्र उलटून गेली होती. नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजाजवळ, पिंपळखुटा इथे उलटली आणि पेटली. २५ जणांचा मृत्यू झाला, आठ जण वाचले. देऊळगाव राजा हा शेजारचाच तालुका.

बस अशी पेटली की हातात फार थोडी मिनिटं असतात. पण अनेक अपघातांत आग लागत नाही. जखमी जिवंत असतो, फक्त चेपलेल्या पत्र्यात अडकलेला असतो. तिथे मदत कोण करतं?

सध्याची व्यवस्था काय आहे?

दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. अग्निशमन दल नगरपरिषदेकडे असतं. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत ही सेवा शहरी स्थानिक संस्थांच्या कामांत आहे. १०८ रुग्णवाहिका राज्याच्या आरोग्य विभागाची योजना आहे. ती २०१४ मध्ये ९३७ गाड्यांसह सुरू झाली. त्यापैकी २३३ गाड्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड लाइफ सपोर्ट’च्या, तर ७०४ ‘बेसिक’ होत्या. गाडीत डॉक्टर असतो आणि चालकाला ‘पायलट’ म्हणतात.

मग अडचण कुठे येते?

पत्रा कापणं हे अग्निशमन जवानाचं काम. रक्तस्राव थांबवणं, श्वासमार्ग मोकळा ठेवणं, मान आणि पाठीचा कणा न हलवता जखमीला बाहेर काढणं हे वैद्यकीय कौशल्य. जवानांना प्रथमोपचार शिकवले जातात, पण रुग्णसेवा ही त्यांची मुख्य जबाबदारी नाही. रुग्णवाहिका पोहोचायला उशीर झाला, तर मधला वेळ वाया जातो.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने ‘गोल्डन अवर’ची व्याख्या आली: गंभीर इजेनंतरचा पहिला एक तास. देऊळगाव राजाच्या जखमीला बुलढाण्यापेक्षा जालना जवळ पडतं. तरीही या तासातला मोठा भाग रस्त्यावरच जातो. म्हणून पहिला उपचार जागेवर मिळणं महत्त्वाचं.

इतरत्र काय करतात?

अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहराने १९७० मध्ये अग्निशमन जवानांनाच पॅरामेडिक म्हणून तयार केलं. आज तिथल्या अनेक शहरांत आगीचा बंब आणि रुग्णवाहिका एकाच दलाकडे आहेत. भारतात २०२१ च्या केंद्रीय कायद्याने पॅरामेडिकसह संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या शिक्षणासाठी आणि नोंदणीसाठी राष्ट्रीय आयोगाची तरतूद केली.

छोट्या नगरपरिषदेला हे झेपेल का?

प्रत्येक जवानाला पॅरामेडिक करणं खर्चिक आहे. पण सीपीआर, रक्तस्राव रोखणं आणि कणा स्थिर ठेवणं यांचं प्रशिक्षण, दरवर्षी उजळणी आणि १०८ सोबत संयुक्त सराव यांसाठी नवी गाडी घ्यावी लागत नाही. नगरपरिषदेच्या अर्थसंकल्पावर चर्चा होते, तेव्हा नागरिकांनी हाच प्रश्न विचारायला हवा: बंब किती आहेत हे कळलं, पण त्यावरच्या किती जणांना जखमीला हाताळता येतं?

तुम्ही अपघात पाहिला तर?

१०८ किंवा ११२ वर फोन करा. नेमकी जागा, जखमींची संख्या आणि कुणी अडकलंय का, हे सांगा. आग किंवा तसाच धोका नसेल, तर जखमीला ओढून बाहेर काढू नका. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा. मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ अ नुसार तुम्हाला स्वतःचं नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही.