याद्या जोडताय? आधी ओळी मोजा!

2017 च्या कर्जमाफीत एकाच आधार क्रमांकावर अनेक शेतकऱ्यांची नावं निघाली होती, आठवतंय ना? आता फार्मर आयडी आलाय, म्हणून घोळ संपला असं समजू नका. समजा, डोंगरकड्यातल्या एका शेतकऱ्याचे तीन गट आणि दोन बँक खाती आहेत. एसक्यूएलमध्ये दोन्ही तक्ते नुसत्या आयडीवर जोडले की त्याच्या सहा ओळी होतात. मग 'डुप्लिकेट' म्हणून पाच उडवल्या, तर दोन गटांचं अनुदानही उडालं! उपाय साधा आहे. आधी गटांची बेरीज करून शेतकऱ्यामागे एकच ओळ करा, खातं एकच ठरवा, मगच जोडा. जोडणीआधी जितक्या ओळी, तितक्याच नंतर भरल्या पाहिजेत. आकडा जुळल्याशिवाय यादी मंजूर करू नका. कारण चूक तक्त्यात होते, हेलपाटे मात्र शेतकऱ्याला पडतात.