आराखडा कोणासाठी?

सोलापूरजवळच्या कुंभारी येथे श्रमिकांनी प्रदीर्घ लढा देऊन घरे मिळवली. २००६ साली विडी कामगार स्त्रियांना गोदूताई परुळेकर वसाहतीतील १०,००० घरे मिळाली. जानेवारी २०२४ मध्ये रे नगरातील १५,००० घरांच्या किल्ल्या असंघटित कामगारांच्या हाती आल्या. तरीही एक प्रश्न उरतोच : आराखडा कोणाची गरज पाहून काढावयाचा?

विडी कामगार स्त्रीचे घर हाच तिचा कारखाना. पाने भिजवणे, कापणे, तंबाखू भरून विड्या वळणे, सारे मुलाबाळांच्या उशाशीच चालते. अशा घराला दर्शनी सजावटीपेक्षा उजेडाची आणि तंबाखूची धूळ बाहेर नेणाऱ्या वाऱ्याची निकड अधिक. चौरस फुटांत नफा मोजणाऱ्या बिल्डरला हे सुचणार नाही. ते वास्तुशिल्पकाराने सांगावयाचे असते.

पण त्याची फी देतो बिल्डरच! २०१६ च्या रेरा कायद्याने ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के स्वतंत्र खात्यात ठेवणे बंधनकारक केले. बांधकामाच्या प्रमाणातच ती काढता यावी, म्हणून अभियंता व सनदी लेखापाल यांच्याबरोबर वास्तुशिल्पकाराचाही दाखला लागतो. म्हणजे ज्याच्याकडून मोबदला घ्यावयाचा, त्याच्यावरच पहारा ठेवावयाचा. हा अंतर्विरोध व्यक्तीच्या सचोटीवर सोडून चालणार नाही.

वास्तुशिल्पकाराची नेमणूक राहणाऱ्यांच्या सहकारी संस्थेने करावी; आराखडा मंजुरीपूर्वी वस्तीच्या सभेत, स्त्रियांसमोर, मांडला जावा. घरासाठी लढलेल्या चळवळीने आता नकाशा वाचावयासही शिकले पाहिजे.